एक किलो आठशे

मन्नान मिस्त्रीनं फ्लायव्हील उचललं
बाजारात टरबूज उचलतात तसं,
बोटानं वाजवलं, कान लावला.
"तडा नाही."
मग शेजारच्या संत्र्याच्या काट्यावर ठेवलं :
सात किलो नऊशे.

गाडी माझी हेराल्ड, सासष्टची,
छत कापून दोघांपुरती केलेली.
पुलगावकडच्या एका बंद जिनिंगमध्ये
ताडपत्रीखाली सापडली, तेव्हा
बॉनेटात मुंगसाची पिल्लं होती.
इंजिन आता जिप्सीचं.
जुन्या क्लचला ते झेपत नाही.
चौथ्यात दाबलं की आवाज पुढं जातो
आणि गाडी मागं राहते,
शाळेच्या कवायतीत मी राहायची तशी.
जळक्या फेसिंगचा वास
दोन दिवस ओढणीतून जात नाही.

कोइम्बतूरहून मागवलेली प्लेट मी बाहेर काढली,
सहा बटनांची, सिरॅमिकची.
"शर्यतीची आहे," म्हटलं, जरा मोठ्यानंच.
त्यानं ती पाहिली
बैलाचे दात पाहावेत तशी.
"चावते हे. धरलं तं पुरं धरते,
नाही तं धरतच नाही.
आधी सांग, गाडी कुठी नेतं तू?"

कुठं नेते?
आर्वीहून तळेगावपर्यंत
अर्ध्या रस्त्यावर लोकांची तूर वाळत असते,
उरलेल्या अर्ध्यात मेंढरं,
मेंढरांच्या पुढं एक माणूस, ज्याला कसली घाई नाही.
अर्धा क्लच, अर्धा क्लच, अर्धा क्लच.
त्यानंतर मोठा रस्ता,
आणि त्यावरचा माझा एक तास, रविवारचा.
शिवाय डावा गुडघा :
गेल्या वर्षी खांबावरून पडले तेव्हाचा,
जिना उतरताना अजून बोलतो.
हे मी मिस्त्रीला सांगितलं नाही.
तो माझ्या चपलेकडे पाहत होता,
डावी कमी झिजलेली.

"फ्लायव्हील पाच किलोवर आण," मी म्हटलं.
"सहाच्या खाली नाई.
ओतीव आहे. जास्त उतरवलं अन् फुटलं
तं पहिले तुह्या पायातून जाईन."
मग उगाच, पान्हा पुसत :
"अब्बाच्या चक्कीले दोन चाकं होते, माह्या उंचीचे.
इंजिन बंद केलं तरी
पायलीभर जवारी निघे नुसत्या फिरण्यावर."

मी हो म्हटलं नाही.
चहा सांगितला.

लेथ सुरू झाला. कडेकडून, मागच्या अंगानं,
बोल्टांच्या भोकांपासून चार बोटं दूर
लोखंड उलगडत गेलं,
आधी करडं, मग भुकटी, मग नुसता वास.
सव्वाचारला लाईट गेली.
"तुमच्याच डिपार्टमेंटची मेहरबानी,"
मिस्त्री म्हणाला, आणि पोरं हसली.
मी फीडरवर फोन लावणार होते,
पण चक फिरत होता.
मोटार मेली होती, पट्टा सैल पडला होता,
आणि आत पकडलेलं माझं चाक
कुणी न ढकलता फिरत होतं,
फिरत होतं,
आम्ही दोघं बोललो नाही ते थांबेपर्यंत.

"सहाच ठेव," मी म्हटलं.
"आणि प्लेट?"
"तुझी लाव. मधे स्प्रिंगा असलेली.
वरची प्रेशर मात्र कडक दे."
"गुडघ्याले?"
"तेवढी चालेल."

लाईट सहाला आली.
शेवटी काट्यावर सहा किलो, वर पंधरा ग्रॅम,
जे त्यानं मला बक्षीस म्हणून सोडले.
कीस त्यानं गोळा करून युरियाच्या पिशवीत भरला :
एक किलो आठशे.
उरलेलं हवेत गेलं, थोडं माझ्या केसांत.
"घे. लोखंड तुहंच आहे."

ती पिशवी अजून सीटखाली आहे.
म्हणजे गाडीचं वजन जवळपास तेवढंच राहिलं,
फक्त फिरायचं थांबून
माझ्याजवळ येऊन बसलं.

परवा देऊरवाड्याच्या वळणावर
एक म्हातारी तूर पालथी घालत होती, रस्ता तिचाच.
मी पाय उचलला, दाबला, अर्ध्यावर धरला.
इंजिन विझलं नाही.
तिनं सूप हलवून सांगितलं, जा,
आणि मी गेले,
मागं दाणे उडाले असतील थोडे.